दोनशे वाक्यांचा मामा

“बाई, या पुस्तकातला मामा नक्की कुणाचा?”

प्रश्न विचारला भोंग्यानं, पण तो काही तिच्या एकटीचा नव्हता. चष्मावाली आणि टाचणी या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत तिला घोड्यावर बसवलं होतं. इंग्रजीच्या तासाला, सगळ्या वर्गासमोर उभं राहून हे विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आम्हा दोघींची दप्तरं तिसऱ्या मजल्यापर्यंत तू वाहायची. आणि भोंगा म्हणजे अर्थातच एक मुलगी, वय वर्षं पंधरा. गेल्या वर्षापर्यंत तिला हजेरी देतानासुद्धा घाम फुटायचा. मग एकदा प्रार्थनेच्या वेळी बातम्या वाचताना माइक बंद पडला, वाचणारी पोरगी रडकुंडीला आली आणि शेजारी उभ्या असलेल्या हिनं कागद ओढून घेऊन उरलेल्या बातम्या अशा काही वाचल्या की मागच्या रांगेतल्या मुलांनी कानांवर हात ठेवले. त्या दिवसापासून ती भोंगा झाली, आणि तिला ते नाव चक्क आवडलं. भीड एकदा चेपली की चेपली. आता वर्गात कुणाला काही विचारायचं असलं आणि स्वतः विचारायची छाती नसली, की तो प्रश्न भोंग्याच्या तोंडून बाहेर पडायचा.

आता मामाबद्दल. इंग्रजीच्या पेपरात पाच वाक्प्रचार येत, प्रत्येकाचा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करायचा. त्यासाठी गावातल्या सगळ्या शाळांत एकच पातळसं पुस्तक चालायचं. आत दोनशे वाक्प्रचार, प्रत्येकासमोर एक तयार वाक्य, आणि जवळपास प्रत्येक वाक्याचा कर्ता एकच : ‘माय अंकल’. हा अंकल काका की मामा यावर वर्गात आठवडाभर खल झाला होता. शेवटी चष्मावालीनं निकाल दिला की आयुष्यात इतक्यांदा तोंडावर आपटलेला माणूस मामाच असणार, काका असा वागत नाही.

पुस्तक होतं अक्षरांच्या क्रमानं. तेव्हा पोरींनी मामाचं चरित्रही त्याच क्रमानं रचलं होतं. ए-मध्ये मामा आपल्या आईच्या गळ्यातला ताईत असतो. बी-मध्ये तो रात्ररात्र दिवा जाळून अभ्यास करतो. सी-मध्ये ऐन वेळी त्याचे पाय गार पडतात, म्हणजे तो कच खातो. एफ-मध्ये तो एकटा उभा राहून केल्याची फळं भोगतो, एल-मध्ये जिवाभावाच्या माणसाला तोंडघशी पाडतो, आणि टी-मध्ये आयुष्याचं नवं पान उलटून शहाणा होतो. मग वर्ष संपतं, नवा वर्ग येतो, आणि मामा बिचारा परत ए-पासून सुरू. टाचणीनं या मामाचं चित्रही काढलं होतं : डोक्यावर केस तीन, पायांत मोजे चार, कारण पाय गार पडतात ना. आणि ‘ही गॉट कोल्ड फीट’ म्हणताना गुडघे लटपटवून दाखवायचं काम भोंग्याकडे होतं. तिच्याइतकं ते कुणालाच जमायचं नाही. नुसतं वाक्य सुरू केलं तरी बाकं हसायला लागायची.

प्रश्न ऐकून इंग्रजीच्या बाई रागावल्या नाहीत. खडू खाली ठेवून त्यांनी बोटं झटकली. मामा कुणाचा ते आपल्याला ठाऊक नाही, पण हे पुस्तक तुझ्याच वडिलांच्या छापखान्यात छापतात ना, मग घरीच विचार की, असं म्हणाल्या. वर्गातून एक लांबलचक ‘ओऽऽ’ निघाला. बाई पुढे म्हणाल्या, “उद्या उत्तर घेऊन ये. आणि खरं आण, बनवलेलं नको. बनवलेली वाक्यं माझ्याकडे ढिगानं आहेत.”

भोंगा खाली बसली ती फुगूनच. पैजही जिंकली आणि वर उद्याच्या तासाला रंगमंच मोकळा.

छापखाना शाळेपासून दहा मिनिटांवर, एका लांबट गाळ्यात. पुढे संगणक आणि नवं यंत्र, मागे शिशाच्या अक्षरखिळ्यांचे जुने लाकडी खण. आता ते कुणी वापरत नव्हतं, पण बाबांना टाकवत नव्हते. बाबांनी याच गाळ्यात जुळारी म्हणून सुरुवात केली होती. एकेक खिळा उचलून ओळी जुळवता जुळवता शेवटी जुन्या मालकांकडून छापखानाच चालवायला घेतला. भोंगा पोचली तेव्हा ते कागद कापायच्या यंत्रापाशी होते. तिनं दप्तर स्टुलावर टाकलं आणि तोच प्रश्न तशाच आवाजात फेकला.

बाबांनी यंत्राचा दांडा अर्ध्यावर थांबवला. कुणी विचारलं, म्हणाले. ती म्हणाली सगळ्या वर्गानं. त्यावर त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. भोंगा ओळखून चुकली, कारण बाबांना काही लपवायचं असलं की चष्म्यावर अचानक धूळ बसते.

“वाक्यं आहेत ती,” ते म्हणाले. “वाक्यांना कसले मामा आणि काका?”

तिनं हट्ट धरला. बाई उद्या विचारणार आहेत, सगळा वर्ग वाट बघणार आहे. बाबा ताकास तूर लागू देईनात. तिच्याकडे न बघता त्यांनी कोपऱ्यातलं फडकं उचलून तिच्या हातात दिलं आणि सांगितलं की मागच्या खोलीत वरच्या फळीवर पुस्तकांच्या मूळ हस्तलिखित प्रती ठेवल्यात, वर्षानुवर्षं कुणी झटकल्या नाहीत, आज रिकामी आहेस तर तेवढं कर. आणि दांडा ओढून ते परत कागद कापायला लागले, जसं काही आपण काहीच बोललो नाही.

फळीवरचं तिसरंच बाड उघडलं आणि भोंग्याचा हात थबकला. लांब, पुठ्ठ्याची वही. अक्षर निळ्या शाईचं, बारीक, किंचित डावीकडे कललेलं. या अक्षरातल्या चिठ्ठ्या ती रोज डब्यासोबत घेऊन शाळेत जायची. आईचं अक्षर.

पुस्तकावर छापलं होतं, ‘अनुभवी शिक्षकांनी तयार केलेले’. आई शिक्षिका नव्हती. घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायची, शेजारच्या मुलांना इंग्रजी शिकवायची. भोंग्यानं पान उलटलं. तिला पहिल्यांदा हे दिसलं की वाक्यं अक्षरांच्या क्रमानं नव्हतीच, जशी सुचली तशी लिहिली होती. मग दुसरी गोष्ट दिसली. निळ्या अक्षरांत अंकल कुठेच नव्हता. काही वाक्यांची सुरुवात होती ‘माय ब्रदर’, काहींची नुसती ‘आय’. आणि त्या दोन्हींवर लाल पेन्सिलीनं काट मारून वर लिहिलं होतं, ‘माय अंकल’. पानामागून पान, लाल रेघ आणि अंकल.

ती खाली फरशीवर बसली आणि लाल अक्षरं वगळून वाचायला लागली.

माझ्या भावानं माझ्यासोबत रात्ररात्र दिवा जाळला. माझ्या भावानं माझ्यासाठी जंग जंग पछाडलं. ऐन वेळी मी कच खाल्ली. हे ते ‘कोल्ड फीट’चं वाक्य. त्यावर लाल रेघ जरा दाबूनच ओढलेली होती. पुढच्याच ओळीत, मी माझ्या भावाला तोंडघशी पाडलं. त्याखाली, माझा भाऊ एकटा सगळ्याला सामोरा गेला. अशी दोनशे वाक्यं. फक्त एकाच वाक्यात ‘भाऊ’ही नव्हता आणि ‘मी’ही नव्हता. ‘बरी द हॅचेट’, म्हणजे जुनं वैर पुरून टाकणं, या वाक्प्रचारापुढे आईनं लिहिलं होतं की दोन राजांनी तह केला. एवढं एकच वाक्य परक्याचं वाटत होतं.

भोंग्याला एक मामा होता हे तिला माहीत होतं. म्हणजे होता एवढंच माहीत होतं. दूरच्या शहरात असतो, आपलं जाणं-येणं नाही. या वाक्यापुढे घरात कधी कुणी गेलं नव्हतं आणि तिलाही कधी पुढे विचारावंसं वाटलं नव्हतं. जगभरच्या गोष्टी विचारत सुटणारी भोंगा, आणि घरातला प्रश्न दाराआड तसाच उभा.

बाबा कधी येऊन चौकटीला टेकले ते तिला कळलं नाही. लाल पेन्सिल माझीच, ते म्हणाले. जुन्या मालकांनी सांगितलं होतं की शाळेच्या पुस्तकात ‘मी’ नको, भाऊ-बहीण नको, एकच कुणीतरी ठेवा म्हणजे पोरांना पाठ करायला सोपं जातं. तेव्हा मालकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जुळवताना ते वाचत गेले आणि त्यांना कळलं की हे अभ्यासाचं पुस्तक नाही. लिहिणारीला बघावं म्हणून मानधन द्यायला ते स्वतः गेले, आणि पुढचं तुला ठाऊकच आहे, असं म्हणून थोडे हसले. मग हसू आवरून म्हणाले, “एक गोष्ट तुझ्या आईला सांगितलेली नाही. शाळा सुरू झाल्या की दरवर्षी एका चष्म्याच्या दुकानातून पत्र येतं. नव्या आवृत्तीची एक प्रत पाठवा. तुझा मामाच भिंगं घासून देतो तिथे, वाक्यं कुणाची ते त्यानं ओळखलं असणार. मी दरवर्षी पाठवतो.”

भोंग्यानं वही दप्तरात टाकली. आपल्याला नक्की काय खुपतंय ते तिला लगेच कळलं नाही. घरी चालत जाताना हळूहळू कळत गेलं. मामा दरवर्षी पुस्तक मागवून वाचतो. त्याला वही दिसलेली नाही, त्याला दिसतो तो अंकल. बहिणीनं लिहिलेल्या पुस्तकात कच खाल्ली कुणी, तर अंकलनं. दगा दिला कुणी, तर अंकलनं, म्हणजे त्यानंच. दरवर्षी, नव्या कागदावर, हजारो पोरांच्या हातात. आणि त्या हजारांतली एक बाकावर उभी राहून गुडघे लटपटवते.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा तास सुरू झाला तेव्हा सगळ्यांच्या माना तिच्याकडे. टाचणीनं तर मामाचं नवीन चित्र तयार ठेवलं होतं, फक्त खाली नाव घालायचं बाकी. बाईंनी विचारलं, मिळालं का उत्तर?

सांगितलं असतं तर काय रंगलं असतं. वर्ग श्वास रोखून ऐकत बसला असता, निळी शाई, लाल पेन्सिल, सगळं. भोंग्याच्या जिभेच्या टोकावर पहिलं वाक्य येऊन बसलंसुद्धा होतं, आणि असं बसलेलं वाक्य गिळायची तिला आता सवय राहिली नव्हती. ती उभी राहिली आणि म्हणाली, “मिळालं बाई. खरं आहे. पण ते माझं नाही, म्हणून सांगत नाही.”

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि बस म्हणाल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं की भोंग्यात पाणी शिरलं. चष्मावाली दिवसभर फुरंगटून बसली, आमच्यापासून काय लपवायचं म्हणे. टाचणीनं चित्र पुढे सरकवलं तेव्हा भोंग्यानं ते घडी करून आपल्या वहीत ठेवलं, आणि ‘कोल्ड फीट’ची फर्माईश झाली तेव्हा आपले पाय दुखतात असं सांगून टाकलं. ही मात्र शुद्ध थाप होती.

संध्याकाळी आई नेहमीसारखी खिडकीपाशी टेबलावर मुद्रितं तपासत बसली होती. बाबा नुकतेच आले होते आणि नळाखाली हातांची शाई घासत होते. जिभेला हाड नसलेल्या भोंग्याला तोंडानं काही विचारता येईना. तिनं दप्तरातून निळ्या शाईची ती वही काढली आणि आईच्या कागदांशेजारी ठेवली.

आईनं वहीकडे पाहिलं. हातातली ओळ पूर्ण तपासली, एक चूक काढली, समासात खूण केली. मग पेन बंद केलं.

“किती वाचलंस?”

“सगळं. लाल सोडून.”

नळ बंद झाला. मग आई बोलायला लागली. तिच्या आवाजात रडं नव्हतं, उलट चुका वाचून दाखवताना तिचा आवाज असतो तसाच सपाट होता. ती एकोणीस वर्षांची होती. दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तोच तिला इंग्रजी शिकवायचा. त्याची शिकवायची रीत म्हणजे रोज एका चिठ्ठीवर एक वाक्प्रचार. दिवसभरात तो वापरून वाक्य करायचं, पण वाक्य खरं हवं, त्या दिवशी आपल्या घरात घडलेलं. खोटं वाक्य कितीही बिनचूक असलं तरी संध्याकाळचा चहा नाही. म्हणायचा, खोट्या वाक्यात वाक्प्रचार बसतो, पण राहत नाही. दुसऱ्या शहरातल्या शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा अर्ज त्यानं आणला, वडिलांच्या नकळत दोघांनी मिळून भरला, सही तिनं केली, आणि तिला प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी वडिलांना प्रवेशाचं पत्र सापडलं. त्यांचा आवाज चढला आणि तिचं उसनं अवसान गळून पडलं.

“मी गप्प बसले असते तरी चाललं असतं गं,” आई म्हणाली. “लोक गप्प बसतातच. मी बोलले. ‘दादानं परस्पर भरला.’ तीन शब्द. आणि तो तिथेच उभा होता, त्यानं हूं की चूं केलं नाही. वडिलांनी दार दाखवलं तेव्हाही नाही.”

पुढचं तिनं भराभर सांगितलं. पहिलं वर्ष लाजेत गेलं. वडील गेले तेव्हा तो आला होता, अंगणाच्या त्या टोकाला उभा राहिला. मधे फार तर वीस पावलं होती, ती तिला टाकता आली नाहीत. नंतर पुस्तकाचं काम आलं. त्याच्या रीतीनं करायचं म्हणून तिनं खरीच वाक्यं लिहिली. वाटलं, निदान कागदावर तरी कबूल करावं. मग छापून आलं ते असं. तेव्हा वाईटही वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, जरा सुटल्यासारखंही वाटलं. आता वीस वर्षांनी काय तोंडानं जायचं?

बाबा चष्मा पुसत होते. भोंग्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते सांगणार नाहीत हे ओळखून स्वतःच सांगितलं. मामा दरवर्षी एक प्रत मागवतो. बाबा पाठवतात.

आईनं मान वळवून बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नुसती मान हलवली.

“दरवर्षी?”

“एकही वर्ष चुकलेलं नाही.”

आईनं वही उघडली. कच खाल्लेल्या वाक्याचं पान तिला शोधावं लागलं नाही. लाल रेघेवर तिनं बोट ठेवलं, मग ते बोट ‘माय अंकल’वर सरकलं आणि तिथेच थांबलं. तिच्या मनात काय चाललंय ते भोंग्याला चेहऱ्यावरून वाचता आलं, कारण काल घरी येताना तिच्याही मनात हेच चाललं होतं.

“म्हणजे त्याला वाटत असेल,” आई हळूच म्हणाली, “की मी अजून त्यालाच...” वाक्य तिनं पुरं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच भोंग्यानं आईला एखादं वाक्य अर्धवट सोडताना पाहिलं.

मग आई एकदम सावरली. वही मिटून म्हणाली की आता जाऊ दे, इतकी वर्षं गेली, तो त्याच्या घरी सुखी आहे, आपण आपल्या. पत्र लिहीन कधीतरी. बाबा म्हणाले, हो, पत्र बरं पडेल, विचार करून लिही. आई म्हणाली, सुट्टीत बघू. बाबा म्हणाले, सुट्टीतच. दोघं इतक्या समजूतदारपणे बोलत होते की भोंग्याला त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर एकेक वर्ष पुढे जाताना दिसलं. तिनं टेबलावरची वही उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरली. तिचा आवाज नेहमीच्या भोंग्यासारखा चढला नाही. तो खालच्या पट्टीतच राहिला, आणि त्यामुळेच असेल, दोघंही बोलायचे थांबले.

“रविवारी सकाळी आठच्या बसनं मी मामाकडे जाणार आहे,” ती म्हणाली. “वही घेऊन. छापलेली पुस्तकं त्याच्याकडे पंधरा-वीस आहेत, ही नाहीये. आई, तू यावंस असं मला फार वाटतं, पण तू आली नाहीस तरी मी जाणार. बाबा, तुम्ही मला तेवढा पत्ता लिहून द्या.”